मागच्या सीटवरचे केस

रविवार, ३ फेब्रुवारी २०१३

लिहिण्याचं कारण एकच. काल मी स्वतः साफ केलेल्या गाडीत आज पुन्हा केस आहेत. मला आठवतंय ते खरं की नाही, याला कागद हवा. या घरात एकाची आठवण गेलीच आहे. दुसरीची जाऊन चालणार नाही.

भुऱ्या गेला त्याला आज तेवीस दिवस. तेरा वर्षांचा कुत्रा, मागची सीट त्याची. ह्यांना रोज सांगायचे – भुऱ्या गेला. ह्यांना ते रोज नव्याने कळायचं. आठवड्यापासून विचारणं थांबलंय. बरं झालं.

गाडी विकणं भाग आहे. डिसेंबरात हे दूध आणायला म्हणून गाडी घेऊन निघाले आणि संध्याकाळी थेट बंदराकडे, द्रोणागिरीला कंटेनरच्या रांगेत सापडले. परतीचा रस्ता सांगता येईना. एक किल्ली तिथेच कुठे पडली. दुसरी माझ्या कमरेला असते.

रोडपालीचे कुंदन येत्या रविवारी गाडी नेणार. त्यांच्या लेकीला, रोशनीला, दमा आहे. परवा गाडीत पाच मिनिटं बसली तर छातीत शिट्टी वाजायला लागली. "बाई, एक केस ऱ्हाता कामा नाय," म्हणाले. बरोबरच आहे.

आजचे केस पुडीत बांधून वर तारीख घातली.

सोमवार, ४

पुन्हा!

वरच्या मजल्यावरच्या हेतलचा व्हॅक्युम क्लीनर आणला. धूळ ओढतो, केस तिथेच. शेवटी रबरी हातमोजा ओला करून एकाच दिशेने ओढत राहिले – केस वातीसारखे वळून येतात. शिवणींमधले जुन्या टूथब्रशने. दोन तास. कंबर गेली.

मागची डावी काच चार बोटं खाली होती. काल मी हँडल फिरवून घट्ट लावली होती. भुऱ्याला नाक बाहेर काढायला आम्ही तेवढीच उघडी ठेवायचो. चार बोटं.

मंगळवार, ५

पुडी तिसरी. काच चार बोटं.

बुधवार, ६

आज भगवानला लावलं. बिल्डिंगमधल्या गाड्या तोच धुतो. त्याने सीटवरून हात फिरवला आणि हसला. "बाई, ह्यो केस नाय, गवत हाय. उपटला का परत उगवतंय." मग काच बघून हसायचा थांबला. "त्यानी गाडी सोडली नाय अजून. एक नारळ ठेवा."

त्याला म्हटलं, मी प्राणिशास्त्र शिकवलेलं आहे. नारळ घरी चटणीला लागतो. पण तो गेल्यावर मागच्या सीटकडे पाठ करून उभं राहवेना. उगाच दोनदा वळून पाहिलं.

पुडी चौथी.

गुरुवार, ७

चारही पुड्या उघडून भिंगाखाली पाहिल्या. हे आधीच करायला हवं होतं. अंगावरून गळलेला केस सुटा पडतो. हे गुंतलेले – फणीतून ओढून काढल्यासारखे. आणि वास! डांबरगोळीचा. कुत्र्याला डांबरगोळीचा वास येत नाही.

ह्यांच्या कपाटात स्वेटरखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. भुऱ्याला विंचरल्यावर फणीतले केस हे फेकत नसत, एवढं आता कळलं. किती वर्षांचे, कोण जाणे. डबा तळाला आलाय.

तसाच जागेवर ठेवला. गाडी साफ केली. पुडी पाचवी.

शुक्रवार, ८

साडेतीन ते पाच मी हेतलच्या मुलीला शिकवायला वर जाते. हे तेव्हा झोपतात, असं मी समजत होते. आज वर गेले नाही. जिन्याखाली उभी राहिले.

पावणेचारला हे उतरले. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. खिशातून किल्ली काढली – द्रोणागिरीला पडलेली! हाक मारणार होते. पण ह्यांनी आधी मागचं दार उघडलं. डब्यातून चिमूटभर केस काढून सीटवर पसरले, थोपटले. काच खाली केली, बोटं लावून मोजली. मग पुढे बसले. गाडी सुरू केली नाही. घड्याळ बघत राहिले.

"थांब रे, भुऱ्या. शाळा सुटेल आता. आशा आली की निघू."

मला निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. तेव्हा रोज चारला हे दोघं शाळेच्या फाटकाशी असायचे. मी दार उघडून बसायचे आणि पहिलं वाक्य – "शी! केवढे हे केस!"

आज मी चार पावलांवर होते. गेले नाही. पावणेपाचला काच तशीच ठेवून हे एकटेच जिना चढले. मला पाहिलं नाही.

शनिवार, ९

सीटला हात लावला नाही.

रविवार, १०

कुंदनना सांगितलं, केस निघत नाहीत. रोशनीसाठी ही गाडी नको.

चार वाजता खाली गेले. पुढचं दार उघडून बसले. "उशीर केलास," हे म्हणाले. केसांबद्दल मी काही बोलले नाही.

आज दिलं ते –
भगवानला: गाडीची बॅटरी, एक. सकाळीच काढून नेली.
ह्यांना: केसांच्या पुड्या पाच, तारखांसह.