अंगठ्याला हात लावायचा नाही

सोमवार, ९ मार्च

जप्त! जहाजावर पाय ठेवायच्या आधीच एक्स्टेंशन बोर्ड जप्त. सामान तपासणाऱ्या बाईने तो दोन बोटांत उचलला, मेलेला उंदीर उचलतात तसा. जहाजावर आगीची भीती, बाहेरची वायर चालत नाही. शुक्रवारी सिंगापूरला परत आलो की मिळेल म्हणे. मशीन मात्र सोडलं. हे काय, विचारलं तिने. मी म्हटलं, माझं नाक. हसली नाही. माझ्या मागे नानाय उभी. रांगेत उभ्या उभ्या डुलक्या काढत होती. माझी आई कुठेही झोपते — चर्चमध्ये, बसमध्ये, बाजारात स्वतःच्या सुक्या मासळीच्या टोपल्यांमागे. रात्री मात्र झोपत नाही. माझ्यामुळे.

ते लिहायलाच वही काढलीय. पण आधी खोली! गोल नाही, चांगली चौकोनी खिडकी. मनांग नेरिसा, म्हणजे माझी मोठी बहीण, सात वर्षं याच जहाजावर खोल्या आवरते. घरच्यांना जवळजवळ फुकट तिकीट मिळतं, ते तिने यंदा आम्हाला काढून दिलं. आमची खोली तिच्याकडे नाही, तरी आधीच येऊन गेली होती. पलंगावर टॉवेलचा हत्ती करून ठेवलेला, सोंडेत चिठ्ठी — 'तोतो, हा तुझा भाऊ.' मशीनच्या नळीवरून टोमणा.

तर पैज.

तातय, म्हणजे माझा बाप, अकरा वर्षांपूर्वी झोपेत गेला. आमच्याकडे त्याला बांगुंगोत म्हणतात — रात्री तुडुंब जेवून झोपलेला धडधाकट माणूस झोपेत कण्हतो आणि संपतो. उपाय एकच, पायाचा अंगठा धरून गदागदा हलवायचा. तातय घोरायचा, मीही घोरतो. म्हणून अकरा वर्षं नानाय माझ्या पायाशी खुर्ची टाकून बसते. हातात जपमाळ. माझं घोरणं थांबलं की मणी सरकवायला लागते. तीन मण्यांच्या आत श्वास आला नाही की अंगठा!

चोवीस वर्षांचा घोडा मी. सेबूत दुकानांच्या पाट्या रंगवल्या, दावावला केळ्यांच्या ट्रकवर होतो, आणखी एका ठिकाणी कोंबड्या — ते जाऊ दे. कुठेही गेलो तरी रात्री दहाला फोन. मला नाही, माझ्या शेजारी झोपणाऱ्याला! 'बाळा, त्याच्या अंगठ्याकडे लक्ष ठेव हं.' ट्रकवरची पोरं म्हणायची, तोतो, आई आली, अंगठा काढ बाहेर. दोन महिने टिकायचो. मग घरी.

गेल्या वर्षी जेवता जेवता झोपलो, तोंड सरळ शेवयांच्या सूपमध्ये. तपासणी झाली. तासाला एकेचाळीस वेळा श्वास बंद पडतो म्हणाले. डॉक्टरने माझाच आवाज मला ऐकवला. घोरणं, मग काहीच नाही, मग गाळातून पाय उपसल्यासारखा आवाज. मनांगने मशीन घेऊन दिलं. नाकावर मास्क, नळीतून हवा, श्वास थांबतच नाही. पण नानायचा भरवसा पंख्यावरसुद्धा नाही, यावर कुठून बसणार?

आता कोरोन बेटावर समुद्रात बुड्या मारायला येणाऱ्या पर्यटकांच्या बोटीवर स्वयंपाक्याच्या हाताखाली जागा मिळतेय. चार महिने, झोपायचंही बोटीवरच. वीस तारखेला निघते. नानाय म्हणाली, नाही. मनांगने मधला मार्ग काढला — जहाजावर या, पाण्यावर झोपव त्याला, तू पायाशी बस. सलग तीन रात्री अंगठ्याला हात लावावा लागला नाही तर तो जाणार. लागला तर मासळीच्या टोपल्या.

चार रात्री आहेत. आणि भिंतीतला प्लग टेबलापाशी, पलंग पलीकडच्या भिंतीला. वायर पुरत नाही!!


मंगळवार, १० मार्च. सकाळ

टेबलाखाली डोकं घालून जमिनीवर झोपलो. मास्क दर थोड्या वेळाने टेबलाच्या पायाला लागून सरकायचा. नानायने दोनदा अंगठा धरला. दुसऱ्यांदा मी दचकून उठलो, डोकं टेबलावर आपटलं.

'हरलास,' ती म्हणाली. इतक्या समाधानाने, की जणू मला न्याहारी वाढतेय.

मनांग हातात चादरींचा गठ्ठा घेऊन आली आणि उभ्या उभ्या निकाल दिला. ही रात्र धरायची नाही, पलंगावर झोपलाच नाही तो. आजपासून तीन, एकही कमी नाही. नानाय म्हणाली, तू कुणाच्या बाजूची? मनांग म्हणाली, मी कंपनीच्या बाजूची, मला अठरा खोल्या आवरायच्यात.

जाता जाता मला विचारलं, पाण्याचा फॉर्म भरला होतास ना?

मशीनमध्ये बॅटरीत घालतात तसलं शुद्ध पाणी लागतं, ते आधी कळवावं लागतं. तिने तीनदा बजावलं होतं. मी भरायला बसलोही होतो. पण तेवढ्यात खिडकीबाहेर दोन मांजरं भांडायला लागली आणि एका मांजराला शेपूटच नव्हती, म्हणून बघायला गेलो, आणि मग... नाही भरला.

मनांग चादरींचा गठ्ठा सावरून निघून गेली. ते वाईट.


मंगळवार. संध्याकाळ

वायर आली! मनोय तेओपिस्तो, म्हणजे तेओपिस्तोदादा, जहाजाचा वायरमन, आमच्या पलीकडच्या गावचा. मनांगने खाली जेवताना नुसतं सांगितलं, माझ्या भावाचं असं असं. अर्ध्या तासात हा दारात. जहाजाची शिक्का मारलेली लांब वायर, गालिच्यावर सरळ बसवून वर चिकटपट्टी मारून दिली. कुणी अडखळायला नको. मग नानायशी गप्पा मारत बसला — तुमच्या गावचा पूल झाला का, अमकी अजून आहे का, तिचा थोरला परत आला का. आमच्या इलोईलोच्या माणसाला आमचं माणूस भेटलं की काम दहा मिनिटांचं आणि गप्पा तासाच्या. जाताना मला म्हणाला, 'तोतो, खाली आमच्यात चौघं हे लावून झोपतात. एक तर इंजिनवाला आहे. सगळे जिवंत आहेत, काळजी नको.' हे तो माझ्याकडे बघून बोलला, पण आवाज नानायच्या दिशेने.

दुपारी पिनांगला उतरलो होतो. बसमध्ये नानाय बसल्या बसल्या झोपली, तोंड उघडं, डोकं खिडकीवर ठकठक. एक म्हातारा कढईत तांदळाच्या पट्ट्या परतत होता, पूर्ण कढई हवेत उडवायचा आणि एकही पट्टी खाली नाही. सहा वेळा बघितलं. नानाय म्हणाली, बोट सुटेल. सुटणार होतीच जवळजवळ.

पाणी अजून आलेलं नाही. जहाजावरच्या दवाखान्यातून उद्या देतो म्हणाले. नळाचं घालू नको असं मनांगचं सक्त सांगणं. आज कोरडंच चालवतो. पहिली रात्र!


बुधवार, ११ मार्च

एक!!!

हात लावला नाही. एकदाही नाही. मी सात तास झोपलो. सकाळी डोकं इतकं हलकं की दाढी करताना गाणं म्हटलं.

पण नाकात खारट. भास असेल म्हटलं. मग मशीनची पाण्याची टाकी बघितली — आत पाणी, आणि कडेला पांढरा थर. मी तर रिकामी ठेवली होती!

नानाय खिडकीबाहेर बघत बसली.

मी विचारलं नाही, नुसता तिच्या पिशवीत हात घातला. मरियामाईच्या आकाराची प्लास्टिकची बाटली, निळा मुकुट म्हणजे झाकण. आमच्याकडच्या हारोच्या चर्चमधून फादरने मंतरून दिलेलं पाणी. गेल्या महिन्यात गळ्यापर्यंत भरलेली होती. आता माईच्या कमरेपर्यंत.

'फादर त्यात मीठ घालतात,' मी म्हटलं.

'म्हणूनच झोप लागली.'

मनांगला कळलं तेव्हा ती दारात खाली बसली आणि हसता हसता रडायला लागली. मग उठून टाकी तीनदा धुतली. मीठ मशीनला खातं म्हणाली. आणि नानायने लगेच मुद्दा काढला — मग ही रात्र मशीनची कशी? माईची झाली! धरायची नाही!

इथे मी भांडलो. वर्षातून एकदा भांडतो, ते आज. मी म्हटलं, माई की मशीन, श्वास कुणाचा चालला? माझा. अंगठा कुणी धरला? कुणी नाही. ठरलं होतं ते एवढंच.

नानाय शेवटी म्हणाली, 'बरं. एक.'

दुपारी दवाखान्यातून दोन कॅन आले. बाटली मनांग घेऊन गेली. जहाज फुकेतला उभं आहे, मी उतरलो नाही. मशीनची राखण करतोय! बाहेर उडणारे मासे दिसले की काय, बघून येतो. पाच मिनिटं.


गुरुवार, १२ मार्च

दोन!

यात एक गोष्ट लिहायची आहे, ती मनांगलाही सांगितलेली नाही. रात्री जहाज चांगलंच डोलायला लागलं. मी जागा झालो, पण मास्कमुळे तिला कळलं नाही. डोळे अर्धवट उघडून पायाकडे बघितलं. ती खुर्चीत पुढे वाकलेली. डाव्या हातात माळ. उजवा हात माझ्या अंगठ्याच्या वर, दोन बोटांवर, हवेत. धरलेला नाही. टेकवलेलाही नाही. जहाज डोललं की हात डोलायचा आणि ती तो पुन्हा उचलून धरायची. किती वेळ, मला माहीत नाही. मी झोपलो तरी तो तिथेच असेल.

सकाळी तिचं डोकं ठणकत होतं. रोजच ठणकतं. जागरण.

आज दिवसभर समुद्रच, कुठे थांबायचं नाही. वरच्या डेकवर तिला घेऊन बसलो. तळलेलं अंडं आणि लसणाचा भात — हा इथे कर्मचाऱ्यांसाठी करतात, मनोय तेओपिस्तोने झाकून आणून दिला. पाहुण्यांच्या पंचवीस पदार्थांत नाही असलं काही. नानायने हाताने खाल्लं. शेजारची गोरी बाई बघत होती. नानायने तिला एक घास देऊ केला!

मग कधी नव्हे ते तातयविषयी बोलली. मी विचारलंही नव्हतं. म्हणाली, त्या दिवशी आपल्या गावची जत्रा, मी पहाटेपासून चुलीशी. रात्री पाठ टेकली ती टेकलीच.

'मी शेजारीच होते, तोतो. झोपले होते मी.'

खरं म्हणजे मला अकरा वर्षं वाटत होतं की ती माझ्यावर विश्वास ठेवत नाही. ती स्वतःवर ठेवत नाही.

मी मोबाईल काढला. मशीन रात्रीचा हिशोब मोबाईलवर पाठवतं, मी तिला कधी दाखवला नव्हता, कारण मीच कधी उघडला नव्हता. काल रात्री तासाला दोन. दाखवला. एकेचाळीस होते, आता दोन. तिने चष्मा पुसून तो आकडा तीनदा वाचला. मग विचारलं, हे दोन कुठले? मी म्हटलं, ते सगळ्यांचे असतात. म्हणाली, माझेही? म्हटलं, हो, तुझेही असतील दोन.

मग तिने चष्मा घडी करून ठेवला. आणि मग म्हणाली, आज मी खुर्चीवर बसणार नाही.

मला नीट ऐकू आलंय का म्हणून परत विचारलं. तर चिडली. 'बसणार नाही म्हटलं ना! पलंगावर झोपणार आहे. पैसे भरलेत त्याचे.'

जिंकलो! तिसरी रात्र व्हायच्या आधीच जिंकलो! मनांग धावत आली आणि मला जिन्यात मिठी मारली, तिच्या हातात कुणाच्या तरी बाथरूमचा ब्रश. मनोय तेओपिस्तो म्हणाला, कोरोनला इंजिन बिघडलं तर मला फोन कर, मी शिवी देऊन दुरुस्त करतो. बोटीच्या मालकाला कळवलं — येतो. वीसला.


गुरुवार. रात्र, झोपण्याआधी

खुर्ची टेबलापाशी सरकवलेली. नानाय शेजारच्या पलंगावर, भिंतीकडे तोंड. माळ हातात, पण मणी हलत नाहीयेत. मास्क लावतो.


शुक्रवार, १३ मार्च. साडेसात

तीन.

ऊन आलंय, खिडकीत सिंगापूर आलंय, आठला खोली सोडायची आहे. मनांगने दोनदा दार वाजवलं. मी म्हटलं, थांब. नानाय झोपलीय. अकरा वर्षांत मी तिला अशी झोपलेली बघितली नव्हती — खुर्चीत नाही, बसमध्ये नाही, अंथरुणावर आडवी, पाय ताणून.

मास्क काढून नुसता बघत बसलो होतो. घोरतेय. मग थांबली. मला वाटलं कूस बदलेल. नाही बदलली. मग तो आवाज, गाळातून पाय उपसल्यासारखा. तो मला ठाऊक आहे. डॉक्टरने माझाच मला ऐकवला होता.

पुन्हा थांबली. तिच्या बोटांतून माळ सोडवून घेतली. एक मणी. दोन. तीन. चार.

अंगठा धरून हलवला. तिने मोठा श्वास घेतला आणि डोळे न उघडताच म्हणाली, 'मी हात लावला नाही हं, तोतो.'