आचार्य त्रिकर्ण यांचं शेवटचं प्रकरण

पनवेल,
मंगळवार

प्रिय दादा,

पनवेलहून तुझं खारघर रिक्षेने अर्ध्या तासाची वाट, आणि मी तुला टपालाने पत्र धाडते आहे हे पाहून पोस्टातली बाईसुद्धा हसली. पण करू काय? फोन तू उचलत नाहीस, आणि घरी आले की आभावहिनी दारातूनच खुणावते, आज नको. महिना होत आला याला. पत्र मात्र तू वाचशील, कारण स्वतःविषयी काही लिहिलेलं असलं की ते वाचल्याशिवाय तुला चैन पडत नाही. लहानपणी शाळेचा शेरासुद्धा तू बाबांच्या आधी वाचून काढायचास.

आधी त्या फ्लेक्सचं सांगते. मितेशला मी चांगलंच फैलावर घेतलं आहे. त्याच्या भावांनी विमानतळात गेलेल्या जमिनीच्या पैशांतून इमारती उठवल्या आणि या पठ्ठ्याने प्रकाशन काढलं. तेही कशाचं, तर तुमची ‘ध्रुवापल्याड’ मालिका टीव्हीवर जसजशी अंतराळात पुढे सरकेल तसतशा तिच्या कादंबऱ्या काढायच्या. माझ्यासारख्या रिटायर्ड मास्तरणीला पकडून त्याने चार लिहून घेतल्या, चारही खपल्या, त्यामुळे स्वारी हवेत आहे. पाचवीत तू करतोस ते आचार्य त्रिकर्ण मरणार म्हटल्यावर जाहिरात दणक्यात व्हायला हवी असं त्याने ठरवलं. त्याच्या गावात बारसं असो, वाढदिवस असो, नाहीतर कुणी वारलेलं असो, चौकात फ्लेक्स लागल्याशिवाय ती गोष्ट घडली असं कुणी धरतच नाही. म्हणून त्याने आमच्या इथल्या चौकातही फ्लेक्स लावला. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली शोकाकुल मित्रमंडळातल्या झाडून सगळ्यांचे गॉगलवाले फोटो, आणि मधोमध तू. त्रिकर्णाचा निळा चेहरा छपाईत काळाठिक्कर येत होता, म्हणून माझ्या लेकीच्या लग्नातला तुझा फेट्यातला फोटो वापरला. पुस्तकाचं नाव टाकायचं राहून गेलं. विचारलं तर मलाच म्हणतो, “ताई, सगल्या पोरांचं फोटू घ्याला लागतात, नायतर रुसतात. मंग नावाला जागाच नाय उरली, त्याला आमी काय करू?”

त्या सकाळी माझ्या घरी काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. मी दात घासत होते तोवर शेजारच्या दोघी पिठलं-भाताचं पातेलं घेऊन हजर. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही ना! मी तोंडातला फेस आवरत काही सांगू पाहत होते, तर त्यांना वाटलं मला हुंदका आवरत नाही. त्यांनी मला धरून खाली बसवलं आणि स्वतःच रडायला लागल्या. तेवढ्यात कळंबोलीहून आपला आतेभाऊ जगन आला. लोखंडाचा गाळा बंद ठेवून, ट्रकमधून सगळे हमाल घेऊन, पांढरा सदरा घालून. दारातूनच म्हणाला, “सत्याताई, किती वाजता उचलायचं?” आणि नेमक्या त्याच वेळी तू भाजीची पिशवी सांभाळत रिक्षातून उतरलास. जगनने तुला मिठी मारायची सोडून तुलाच झापलं, की जिवंत होतास तर एक फोन करायला काय झालं होतं.

त्या दिवशी सगळ्यांत जास्त हसलास तू. पिठलं-भातही चाटूनपुसून खाल्लास. मग घरी गेलास आणि फोन बंद. सगळ्यांना वाटतं तू फ्लेक्सवर चिडला आहेस. मितेश तर माफीचा दुसरा फ्लेक्स लावायला निघाला होता, मी हातापाया पडून थांबवलं. पण दादा, मी तुझी बहीण आहे. फ्लेक्स लागायच्या आदल्या संध्याकाळचा भाग मीही पाहिला होता.

किती महिने तू त्या मरणाची तयारी करत होतास! एरवी तू मला सांगायचं काहीच शिल्लक ठेवत नाहीस. चॅनेलवाले मला जी संहिता पाठवतात तिच्यात नुसतं ‘त्रिकर्ण हसतो’ एवढंच असतं. मग रोज संध्याकाळी तुझा फोन यायचा. तो परग्रहावरचा म्हातारा कसा हसला, त्याचा कपाळावरचा तिसरा कान ऐकताना कसा थरथरला, कप्तानाला रागावताना आवाज कुठे खाली आला, सगळं तू करून दाखवायचास. मागून वहिनी ओरडायची, “अहो, शेजारचे घाबरतील.” त्या फोनांतूनच माझी चारही पुस्तकं झाली. लोक पत्रं पाठवतात की आचार्य डोळ्यांसमोर उभे राहतात. ते मी उभे केलेले नाहीत, तू केलेस. फक्त मरणाचा प्रसंग तू मला सांगितला नाहीस. म्हणालास, हा थेट टीव्हीवरच बघ. आणि टीव्हीवर काय दिसलं? कप्तानाच्या पडद्यावर निरोप आला, ‘आचार्य त्रिकर्ण राहिले नाहीत’, आणि लगेच फरशी पुसायच्या लिक्विडची जाहिरात लागली. खर्च वाचवायचा होता म्हणे. तू आज बोलावतील, उद्या बोलावतील म्हणत बसलास आणि तुला शूटिंगला बोलावलंसुद्धा नाही. परवा वहिनी फोनवर हळूच सांगत होती, तू दिवसभर बाल्कनीत हायवेकडे बघत बसतोस आणि तो रबरी कान अजून फ्रिजमध्ये लिंबांशेजारी ठेवला आहेस. ऐकून मला फार वाईट वाटलं, दादा. चाळीस वर्षं नाटकांतून दुसऱ्यांच्या मरणाला रडण्याची कामं केलीस, आणि स्वतःचं एक मिळालं ते त्यांनी कापलं.

आता माझं रडगाणं ऐक. पाचवं पुस्तक छापखान्याच्या दारात उभं आहे आणि शेवटचं प्रकरण कोरं आहे. मितेश म्हणतो, “ताई, आचार्यांना जित्ता ठेवा, लोकांना पायजे हाय.” चॅनेलवाले म्हणतात, मालिकेत मेला तो पुस्तकातही मेलाच पाहिजे, कसा ते तुमचं तुम्ही बघा. मग मी त्याला मारायला बसले. पहिल्यांदा तो थेट आपल्या बाबांसारखा गेला, खोकत आणि पंखा बंद करा म्हणत. अंतराळयानात पंखा कुठला? दुसऱ्या वेळी त्याने मरता मरता दोन पानं उपदेश केला, कारण शाळेत शिकवायची माझी सवय जात नाही. तिसऱ्या वेळी मीच रडत सुटले आणि तो बरा झाला. मितेश रोज दारात येऊन विचारतो, “मेला का?” आणि जिन्यातले लोक माझ्याकडे संशयाने बघतात.

हे पत्र लिहिलं ते एवढ्यासाठीच. तू केलेलं पाहिल्याशिवाय मला लिहिता येत नाही, आणि खरं सांगू? तुझा आवाज ऐकल्याशिवाय संध्याकाळ जात नाही. येत्या रविवारी ये. हॉलमधलं टीपॉय बाजूला सरकवून सतरंजी टाकून ठेवते, म्हणजे पडताना गुडघ्याला लागणार नाही. वहिनीलाही आण. तू ठरवलं होतंस ते सगळं कर, जिथे थांबायचं तिथे थांब, जितका वेळ लागेल तितका घे. मी समोर बसून एकेक श्वास लिहून घेईन आणि त्यातला एक शब्दही कुणाला कापू देणार नाही. ये दादा, आणि माझ्यासमोर एकदा मनासारखा मर.

तुझीच पाठची,
सत्या