चार पायऱ्या खाली

प्रिय मुंगूस,

'प्रिय' लिहिताना पेन दोनदा थांबलं. पण पत्राची सुरुवात दुसऱ्या कशाने करायची ते मला येत नाही, आणि नऊ वर्षांची सवय आहे, म्हणून राहू दे. फोन केला नाही, कारण फोनवर तू आधी हसतेस, मग मीही हसते आणि बोलायचं ते राहून जातं. सध्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नाही. अक्षरांचा फलक समोर दिवा लावून उभा आहे आणि मी नंबर लिहायच्या कागदांच्या पाठीवर हे लिहितेय. मालकांनी विचारलं तर हिशेब करतेय म्हणून सांगेन. आहेच तो एका अर्थी.

आपली ओळख कशी झाली, आठवतं ना? बागेतल्या बाकाखाली दोघींचे हात एकाच वेळी गेले होते. तुझ्याही दुसऱ्या हातात फोन, माझ्याही. जिओकॅशिंग हा शब्द ज्याने ऐकलेला नाही त्याला हे समजावणं महाकठीण. कोणीतरी एक डबा लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकतो, आणि आपल्यासारखे रिकामटेकडे तो शोधत हिंडतात. आत एक वही असते. तिच्यात नाव लिहायचं, डबा होता तसा ठेवायचा, घरी येऊन त्या डब्याच्या पानावर नोंद करायची, 'सापडला' किंवा 'सापडला नाही'. बक्षीस म्हणाल तर शून्य. त्या दिवशी रखवालदाराने हटकलं तेव्हा तू शांतपणे म्हणालीस की हिच्या कानातली रिंग पडलीय, ती शोधतोय. माझ्या दोन्ही कानांत दोन्ही रिंगा लटकत होत्या. घरी येईपर्यंत आपण हसत होतो. खोटं तुला किती सहज येतं हे मी त्याच दिवशी पाहिलं होतं, फक्त मला ते तेव्हा फार आवडलं होतं.

बाबांना या खेळात आपणच ओढलं. आयुष्यभर जमिनी मोजलेला माणूस, निवृत्त झाल्यावर घरातल्या खोल्या मोजायला लागला होता. तू त्यांना फोनवर नकाशा उघडून दाखवलास आणि ते तुझेच झाले. स्वतःला नाव घेतलं 'कासव'. मी जास्त बोलते म्हणून मला 'टिटवी' केलं आणि तू कुठल्याही बिळातून डबा काढतेस म्हणून तुला 'मुंगूस'. नियमांच्या बाबतीत मात्र ते अस्सल सरकारी. डब्यातली वही डब्यातच राहणार. पानांचे फोटो काढायचे नाहीत. ज्याने अजून शोधलं नाही त्याला जागा सांगायची नाही, मग तो पोटचा पोर का असेना. आणि ज्याला सापडला नाही त्याने तसं लिहायचं. "'सापडला नाही' म्हणजे हार नव्हे, ती मालकाला दिलेली खबर असते," हे वाक्य त्यांनी आपल्याला इतक्यांदा ऐकवलं की तू त्यांची नक्कल करायचीस, चष्मा नाकाच्या टोकावर ओढून. तशी खबर मिळाली की ते त्या माणसाला एक ओळ पाठवायचे, तो पुन्हा जायचा, आणि त्याला डबा मिळायचा. ती ओळ काय असायची हे ना तुला माहीत होतं, ना मला.

त्यांचा अकरावा डबा कालव्याकाठच्या जुन्या पंपघरापाशी. पानावर इशारा एवढाच, 'भिंतीत, कंबरेइतक्या उंचीवर'. तो त्यांनी आईशी पैज लावून लपवला होता. आई या खेळाला 'डबा ऐसपैस' म्हणायची, संकेतस्थळावर तिने कधी नाव घातलं नाही. पण त्या दिवशी ती गेली, तिने तो शोधला, वहीच्या पहिल्या पानावर काहीतरी लिहिलं आणि घरी येऊन दोघंही काय लिहिलं ते सांगेनात. पुढच्या वर्षी आई वारली. तिच्या हातचं अक्षर घरात उरलंच नाही. ती लिहायची फक्त वाणसामानाच्या याद्या, आणि त्या दुकानातच राहायच्या. मी त्या बाजूला नंतर फिरकले नाही. तू म्हणाली होतीस की तो डबा मी माझ्या दोन हजाराव्या नोंदीसाठी राखून ठेवलाय. बाबांना त्याचा केवढा अभिमान वाटला होता.

मग अर्धांगाच्या झटक्यात बाबांचा उजवा पाय लुळा पडला. तेव्हा तू जे केलंस ते मी विसरलेले नाही, आणि म्हणूनच हे सगळं इतकं लागतंय. दवाखान्यातली ड्यूटी संपवून आठवड्यातून तीनदा यायचीस. खाटेच्या पायाला तो हिरवा रबरी पट्टा बांधून त्यांच्याकडून पाय ओढून घ्यायचीस. "काका, कासवसुद्धा याच्यापेक्षा जोरात ओढतं," म्हणायचीस, आणि ते चिडून दहा वेळा जास्त ओढायचे. बोलणं अडखळत होतं, पण फोनवरच्या नोंदी वाचायला बोलावं लागत नव्हतं. कोणी 'सापडला' लिहिलं की सकाळचा चहा ते चवीने प्यायचे. एवढंच त्यांचं जग उरलं होतं.

त्या अकराव्या डब्यावर लागोपाठ दोघांनी 'सापडला नाही' लिहिलं. दोघं वाटसरू, बाबांनी त्यांना ओळ पाठवली, पण ते पुढच्या गावाला निघून गेले होते. मग संकेतस्थळाच्या स्वयंसेवकांची सूचना आली, महिन्याभरात डबा जागेवर असल्याची खात्री करा, नाहीतर पान बंद होईल. बाबांनी जेवण सोडलं. तू म्हणालीस की मी जाते, माझा दोन हजारावाही होऊन जाईल. ते काहीतरी सांगायला लागले तर तू कानांवर हात ठेवलेस, "काका, मला काही सांगायचं नाही, मी शोधणार." संध्याकाळी तुझी नोंद आली. मला ती पाठ आहे. 'सापडला! डबा जागेवर, अगदी कोरडा. दोन हजार पूर्ण, एकदाही हात हलवत परत आले नाही. कासवकाका, हा तुमचा.' खाली अभिनंदनाची रीघ लागली. बाबांनी ती नोंद मला चारदा वाचायला लावली.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला ते तुझ्यासमोर लिहून काढायचंय. पाच महिन्यांनी, त्यांची तब्येत पार उतरल्यावर, त्यांनी मला जवळ बोलावून सांगितलं, वही आण. नियम मोडून. त्यांना आईचं अक्षर बघायचं होतं. मी चपला घातल्याही होत्या. तू म्हणालीस, तू बस काकांजवळ, मला जागा ठाऊक आहे, मी आणते. तासाभरात डबा घेऊन आलीस. बाबांनी वही उघडली, पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं, पुन्हा पहिलं. पहिल्या पानावर तुझं नाव होतं. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं. तेव्हा तू म्हणालीस, "जुनी वही भिजून लगदा झाली होती, काका, म्हणून मी बदलली. सांगायचं राहिलं. पण तिच्यात काकूंचं काही नव्हतं, मी पानं बघितली होती." आणि मी, त्यांची मुलगी, काय म्हणाले? मी त्यांच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाले, "आईने लिहिलंच नसेल, बाबा. औषधांनी असं होतं, नाही झालेलं झाल्यासारखं वाटतं." डबा बंद ठेवायला त्याला गुंडाळलेला हिरवा पट्टा होता, त्यावर ते बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "चार पायऱ्या. खाली." तू हसलीस आणि म्हणालीस, "आधी चढायला शिका, काका, उतरायचं नंतर बघू." मीही हसले. ते भिंतीकडे तोंड करून झोपले. डबा तू परत ठेवून आलीस. अकराव्या दिवशी ते गेले.

गेल्या महिन्यात त्या डब्याच्या पानावर एका अनोळखी सायकलवाल्याची नोंद आली. 'इथे दोन डबे आहेत. यातला खरा कुठला?' मी दोनदा वाचलं. मग बाबांचा फोन काढला, बंद होता, चार्ज केला आणि त्यांनी पाठवलेले निरोप उघडले. या डब्यावर 'सापडला नाही' लिहिणाऱ्या प्रत्येकाला, एकूण तेवीस जणांना, एकच ओळ होती. 'चार पायऱ्या उतरा, मग कंबर मोजा.' मी दुकानातून अर्धी सुट्टी घेऊन गेले. रस्त्यावर उभं राहून कंबरेइतक्या उंचीवर शोधलं तर तुझा डबा ठेवलेल्या फटीशिवाय काही नाही. पंपघराच्या बाजूने पाण्याकडे पायऱ्या जातात, गवताने झाकल्यात. चौथ्या पायरीवर उभी राहिले. कंबरेसमोरचा दगड हलत होता. काखेत कळसा म्हणतात ना, तसा डबा आत बसला होता, कोरडा ठणठणीत. तुझ्यासारखे आणखी तेवीस जण रस्त्यावरच उभे राहून फसले होते, मुंगूस. फरक एवढाच की त्यांनी तसं लिहिलं, तू तिथे स्वतःचा डबा ठेवून 'सापडला' लिहिलंस.

पहिल्या पानावर आई होती. तिरकं अक्षर, 'ल'ला तिची ती मोठी गाठ. 'सापडला. गुडघे बोलायला लागले पण सापडला. आठवडाभर भांडी तुम्ही. दोन दिवस झाले की कुरकुर करू नये.' मी त्या पायरीवर बसून हसले आणि मग मला रडू आवरेना. तुझी नोंद 'सापडला नाही' अशी असती, तर बाबांनी तुलाही तीच ओळ पाठवली असती, आणि हे पान त्यांच्या हातात असतं. किती साधं होतं. त्या खाटेवर त्यांना सगळं कळलं होतं. खाटेला बांधलेला पट्टा आणि डब्याला बांधलेला पट्टा ओळखायला मोजणीदार कशाला लागतो? तुझी लबाडी ओळखूनही त्यांनी तुला तेच दिलं जे प्रत्येकाला द्यायचे. पुन्हा जाऊन शोधायची संधी. आणि आपण दोघी हसलो.

माझ्याकडे काही गिऱ्हाइकं येतात, ती बाहेर बसल्या बसल्या फलकावरची अक्षरं पाठ करतात आणि आत येऊन धडाधड म्हणून दाखवतात. जाड काच नको असते, दुसरं काय. मी त्यांना पकडते, फलक उलटा करते. तुला मात्र मी नऊ वर्षांत एकदाही पकडलं नाही. पहिलं खोटं तू काकांचं मन राखायला बोललीस, असं मी स्वतःला खूप सांगून पाहिलं. निम्मं पटतंही. पण उरलेल्या निम्म्यात तो दोन हजाराचा आकडा बसलाय. आणि दुसरं खोटं? 'मी पानं बघितली होती' हे कोणाचं मन राखायला? तू माझ्या आईला पुसून टाकलंस, आणि पुसायला माझा हात वापरलास. परक्याने केलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. तू केसाने गळा कापलास. मी बाबांवर नाही, तुझ्यावर विश्वास ठेवला. त्यांच्या शेवटच्या दिवसांत मी त्यांना भ्रमिष्ट ठरवलं, हे आता माझ्याबरोबर म्हातारं होणार आहे.

आता मूळ मुद्दा. दीड महिन्यापूर्वी तू निरोप पाठवलास की काकांचे अकरा डबे माझ्या नावावर कर, मी त्यांच्या आठवणीसाठी सांभाळीन. उत्तर दिलं नव्हतं, ते हे. तुझा डबा माझ्या टेबलावर आहे, पट्ट्यासकट, हवा तर घेऊन जा. बाबांचा डबा मी होता तिथे परत ठेवलाय, वहीसकट, कारण नियम तो नियम. तुझी ती नोंद अजून तशीच आहे, मी रोज सकाळी बघते. नोंद बदलता येते, तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. आकडा एकाने कमी होईल, लोक विचारतील, विचारू देत. तिथे 'सापडला नाही' असं लिही. ते दिसलं की डब्यांचं बोलू, त्याआधी नाही. बाबा असते तर त्यांनी तुला लगेच ओळ पाठवली असती. मी त्यांच्याइतकी मोठ्या मनाची नाही, पण ती ओळ माझी नाहीच, त्यांची आहे, ती अडवून ठेवायचा मला हक्क नाही. घे. चार पायऱ्या उतर.

तुझी,
('तुझीच' लिहायला आज हात होत नाही)
टिटवी