दाताळं आणि नवी शिट्टी

५ ऑक्टोबर

प्रिय भावजी,

अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुमच्याकडेही ठीकच असेल असं धरून चालते, कारण तुम्ही आपणहून काही कळवाल ही आशा मी कधीच सोडली आहे. जाऊबाईंचा खोकला थांबला का? लेकीला सांगा, तिने काढलेलं मांजर आम्ही कपाटावर चिकटवलं आहे. तुमचे दादा त्याला अजून बैलच समजतात.

आज कामासाठी लिहिते आहे. ट्रॅक्टरमागे लावायचं नवं दाताळं घ्यायचं आहे. जुन्याचे काही दाते वाकले, काही दगडात अडकून मोडले. अंगणं, बागा, मैदानं सारखी करून देणाऱ्यांचं दाताळ्यावाचून पान हलत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं. दुकानदार आठ फुटी गळ्यात मारायला बघतो आहे. आपला ट्रॅक्टर चणीने लहान, त्याला ते ओढवेल का? सहा फुटी घेतलं तर चाकांचे वळ मागे राहतील का? आणि मागे दोन छोटी चाकं असलेलं घ्यावं असं माझ्या मनात आहे. त्या चाकांवर दाते ठरल्या उंचीलाच राहतात म्हणे, म्हणजे चालवणाऱ्याला सारखं मागे लक्ष ठेवायला नको.

रिव्हर्स न घेता काम होईल असं काही असतं का? भिंतीकडे माती ढकलायची तर दाताळं फिरवून उलटं जावं लागतं. ते टळलं तर बरं. उगाच डिझेल जळतं.

बाकी विशेष नाही. तुम्ही नोकरीला गेल्यापासून ट्रॅक्टर उलटा येताना मागे उभं राहून शिट्टी वाजवायचं काम माझ्याकडे आहे. एक लांब शिट्टी म्हणजे थांबा, दोन आखूड म्हणजे या, हा तुमचाच नियम. यांची मान काही वळत नाही, त्यामुळे सगळी भिस्त शिट्टीवर. गेल्या आठवड्यात यांनी मला नवी शिट्टी आणून दिली. जुनीत दम राहिला नाही म्हणाले.

बालवाडीमागचं मैदान करायचं काम घेतलं आहे, म्हणून उत्तर लवकर द्या. फोन नको. फोन आला की हे शेजारी येऊन बसतात आणि मग कोण काय म्हणालं ते सगळं मला पुन्हा सांगायला लावतात.

तुमची
वहिनी


१९ ऑक्टोबर

प्रिय भावजी,

पत्र मिळालं. तुमच्या म्हणण्याप्रमाणे सहा फुटी, चाकांचं, तिरकं करता येणारं दाताळं आणलं. तिरकं केलं तरी ट्रॅक्टरच्या चाकांचे वळ पुसले जातात, तुमचं माप बरोबर निघालं. पण शेवटी तुम्ही विचारलंत, दादा तर उलटा ट्रॅक्टर सुईत दोरा ओवावा तसा घालतो, मग वहिनी रिव्हर्सला का घाबरते? ते वाचून माझा हात थांबला. डिझेलचं मी खोटं लिहिलं होतं.

गेल्या महिन्यात एका बंगल्यामागे हे उलटे येत होते. मी लांब शिट्टी दिली. हे येतच राहिले. सकाळी आमची चहावरून कुरबुर झाली होती, मला वाटलं राग काढताहेत. पुन्हा वाजवली. माझ्या पाठीशी भिंत होती, भावजी. मी बाजूच्या वाफ्यात उडी मारली आणि दाताळं भिंतीच्या विटा घेऊन थांबलं. हे खाली उतरले. वाजवत का नाहीस, असं मलाच विचारलं. दुसऱ्या दिवशी नवी शिट्टी आली.

ती मी अंगणात वाजवून पाहिली. ट्रॅक्टर बंद होता, हे पाठमोरे बसून वंगण लावत होते. कुंपणावरचा कावळा उडाला. यांनी मान सोडा, खांदासुद्धा हलवला नाही. तरी मी गप्प राहिले. ट्रॅक्टरवरून उतरवलं तर या माणसाने दिवसभर करायचं काय? आणि नाही उतरवलं तर बालवाडीत काय होईल?

बालवाडीच्या कामाच्या दिवशी मी मागे उभी राहिलेच नाही. यांच्या नजरेसमोर, जरा बाजूला उभी राहिले, जिथून मागचंही दिसतं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे भिंतीपासून सुरुवात करून माती बाहेर ओढत आणली. झोपाळ्याजवळचा एक कोपरा तेवढा राहिला. यांनी दाताळं फिरवलं आणि रिव्हर्स टाकला. बालवाडीच्या बाईंनी मुलांपुढे दोरी धरली होती. तिच्याखालून एक मुलगी आपली चप्पल आणायला मैदानात घुसली. मी दोन्ही हात वर केले. यांनी ब्रेक मारला. बाईंनी धावत येऊन मुलीला उचललं.

हे इंजिन बंद करून माझ्याकडे बघत बसले. मागे का नाही उभी राहिलीस, म्हणाले.

"तुम्हाला शिट्टी ऐकू येत नाही," मी म्हटलं.

यांची नजर माझ्या ओठांवर होती. म्हणाले, "नवीसुद्धा नाही."

म्हणजे माहीत होतं. मला रागही आला आणि रडूही आलं. तेवढ्यात हे खाली उतरले, शिट्टीसाठी हात पुढे केला आणि म्हणाले, "तू बस. तुझी मान वळते."

मोकळ्या रानात सरळ चालवण्यापलीकडे माझी मजल कधी गेली नव्हती. बाईंना आधी मुलं आत न्यायला सांगितली, मग बसले. क्लच दाबून रिव्हर्स टाकला. मागे वळून बघितलं तर तुमचे दादा माझ्या जागेवर, गाल फुगवून उभे. थांब म्हणायची वेळ आली तेव्हा इतक्या जोरात वाजवली की खिडकीतली सगळी मुलं कानांवर हात ठेवून राहिली. मी कधीच थांबले होते. हे वाजवतच होते, स्वतःला ऐकू येईल म्हणून.

आता कानाच्या डॉक्टरांकडे माझ्याबरोबर येणार नाहीत. ट्रॅक्टरचाच आवाज वाढलाय, हे चालूच आहे. तुमच्यापुढे ती बतावणी चालायची नाही. दाताळ्याचे नट आवळायला म्हणून या, पण या. हे पत्र मी यांना वाचायला दिलं आहे. वाचून यांनी पेन माझ्या हातात दिलं आणि काय लिहायचं ते तोंडाने वाजवून दाखवलं.

दोन आखूड, भावजी.

वाट पाहणारी
तुमची वहिनी