मी गाळलेले पंतप्रधानांचे नाव

मी, विभावरी सुरेश मोडक, वय सव्वीस, मूळची नाशिकची, सध्या राहणार अल अझीझिया, कतार. येत्या रविवारी माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. मन मात्र स्वस्थ नाही. कोणाच्याही दडपणाशिवाय ही अंतिम इच्छा लिहून ठेवते.

१. नाशिकच्या बँकेतील माझी बचत आई, सौ. पूर्णिमा, हिला मिळावी. तिने ती माझ्या दिवसकार्यावर उधळू नये. स्वतःच्या गुडघ्यांवर खर्च करावी.

२. माझी पुस्तके माझ्या मराठी शाळेला द्यावीत. चुलतभाऊ कुशल यास एकही नाही. स्टेडियमच्या बांधकामावर अभियंता असूनही त्याने घरातल्या डुगडुगत्या टेबलाखाली माझा शब्दकोश सरकवला आहे. विचारले की म्हणतो, "ताई, वर्ल्ड कप होऊ दे, मग काढतो."

३. लॅपटॉप वडिलांना द्यावा. त्यातील श्री. अबूबकर हिरसी यांचे चरित्र पुसू नये. ते सोमालियाचे माजी पंतप्रधान. मी त्यांची लेखनिक. पूर्वी ते गावात भूगोल शिकवत. शाळेची भिंत कोसळली तेव्हा मुलांना बाहेर काढताना त्यांचा पाय अधू झाला आणि गाव त्यांना 'लुगे', म्हणजे लंगडा, म्हणू लागले. त्याच नावाने ते मंत्री झाले, पंतप्रधान झाले. निदर्शकांवर गोळीबाराच्या आदेशावर सही नाकारून त्यांनी राजीनामा दिला आणि इथे आले.

४. यंदा त्यांना पुन्हा संसदेत जायचे होते. तिथे गावच्या ज्येष्ठांचा कौल लागतो. ज्येष्ठांसाठी परिचयपत्र मी लिहिले. माजी पंतप्रधानांना लंगडा म्हणायला माझा हात धजला नाही. ते नाव गाळून मी 'आदरणीय' घातले. तरुणपणी पाहिलेल्या सिनेमांमुळे ते माझ्याशी हिंदीत बोलतात, न वाचताच म्हणाले, "बेटी, तुमने लिखा है तो ठीक ही होगा।"

जागा दुसऱ्याला गेली. गेल्या आठवड्यात त्या गावाहून एका ज्येष्ठांच्या मुलाचा फोन आला, तो मी घेतला. तो इंग्रजीत जे बोलला त्याचा अर्थ असा: "आम्ही दिलेल्या नावाची त्याला लाज वाटते होय? साहेब झाला ना! मग साहेबांनी तिकडेच राहावं."

श्री. अबूबकर यांना हे ठाऊक नाही. राजीनाम्याबद्दल गावाने आपल्याला माफ केले नाही, असे ते समजतात. स्पर्धेसाठी रस्ता खणला आहे म्हणून फिरायला जात नाही, असे सांगतात. रस्ता केव्हाच बुजवला आहे.

माझी मैत्रीण हजरा रत्नागिरीची. ती म्हणते, "अगो, सांगून टाक की! खातील काय तुला?" मला तोंडाने सांगता येत नाही. शाळेत पहिली येत असतानाही मी उत्तरे फक्त लिहूनच दिली.

५. हे कलम मृत्यूनंतर नव्हे, आजच लागू व्हावे. हजराने हा कागद आज श्री. अबूबकर यांना हिंदीत वाचून दाखवावा. मी समोर बसेन. त्यांनी परवानगी दिल्यास चूक माझी होती असे गावाला मीच कळवीन. दुसरे साक्षीदार म्हणून त्यांनी खाली सही करावी, ही विनंती. साक्षीदाराला वारसा देता येत नाही, म्हणून त्यांच्या नावे काही ठेवलेले नाही. ऐकून सही करावीशी वाटली नाही, तर त्यांनी करू नये. एका साक्षीदारावर मृत्युपत्र टिकत नाही, हे मी जाणते. तसे झाल्यास माझी तक्रार नाही.

स्थळ: अल अझीझिया
दिनांक: १७ मार्च २०२२

विभावरी सुरेश मोडक (सही)

साक्षीदार १: हजरा शफीक मुकादम (सही)

साक्षीदार २: