काचेखालची वांगी आणि आत्याची दया

कोल्हापूर,
२७ एप्रिल १९५४

तीर्थस्वरूप मामांस कालिंदीचा साष्टांग नमस्कार. आपला गुडघा जिना चढू देतो ना? मामींनाही नमस्कार.

मागच्या पत्रात मी लिहिलं की काचेखालची वांगी पाणी पीतच नाहीत. ते सपशेल चूक होतं, पितात. कुरुंदवाडात आपण कुणाला सांगितलं असेल (सांगितलं असणारच), तर कृपया परत घ्यावं.

आजोबांच्या फोटो काढायच्या काचेच्या खोलीत मी वांगी लावली, आणि दादाला तिथे गुळाच्या ढेपा ठेवायला पत्र्याची कोठी हवी. त्याचं म्हणणं, काचेखालचं झाड दुप्पट पाणी पिऊन विहीर आटवतं. म्हणून पैज लागली. सारख्या दोन कुंड्या, एक आत, एक बाहेर. मातीवर मेणकापड बांधून दोन्ही रोज त्याच्याच तागडीत तोलायच्या. जेवढं वजन घटेल तेवढं पाणी झाड प्यालं. आतली जास्त प्याली तर काच उतरणार.

आतलीचं वजन घटेचना. (‘आधी ताळा, मग टाळ्या,’ असं आपणच गणित शिकवताना सांगायचात, मी उलट केलं.) मग दुपारी शालूआत्या तांब्यासकट सापडली. मेणकापड सोडून, पाणी घालून, माझ्यापेक्षा घट्ट बांधत होती. वर मलाच म्हणाली, “कोंडून घातलीयास बिचाऱ्यांस्नी! काचंला घाम फुटलाय, दिसत न्हाय व्हय?”

दादाला सांगावं की नाही या धास्तीत संध्याकाळ काढली. सांगितलं. “लई शानी की गं! हरलीस म्हण,” तो म्हणाला. मी पुन्हा तोलायची मुदत मागितली, आत्याला देवाची शपथ घातली, काचेला बाहेरून चुना फासला आणि वरची तावदानं उघडली. ऊन आत येतं, त्यातलं काही पानं पाण्याची वाफ करण्यात खर्चतात, उरलेलं खोली तापवतं. चुन्यानं ऊनच कमी आलं, वाराही नाही. मग झाड पिणार किती? बाहेरची कुंडी मात्र चैत्राच्या वाऱ्यात घटाघटा प्याली, आतलीच्या जवळजवळ दुप्पट!

दादानं तीनदा तोललं, तागडीला शिव्या दिल्या आणि म्हणाला, “ऱ्हाऊ दे तुझी काच!” मामा, मी जिंकले. (या वेळी ताळा करून लिहिते आहे.)

आपली,
कालिंदी

ता. क. दादा आता गिऱ्हाइकांना ‘आमचं काचघर’ दाखवतो.

ता. क. दुसरा. काकडीसाठी खोली वाढवायची आहे. दादा म्हणतो, काच त्याच्याकडं मागायची नाही. आपल्या पुस्तकांच्या कपाटाची दारं काचेची आहेत आणि पुस्तकांना उन्हाची गरज नसते. मामींचा होकार आला आहे. बुधवारी, ५ मे रोजी, अक्षय्यतृतीयेला, पहिल्या मोटारीनं पेचकस घेऊन येते.