विमान पोटावर, आत्या पायांवर

मेहरूण, जळगाव
१२ डिसेंबर १९८८

तीर्थरूप नाना,

दोन्ही हातपाय जागच्या जागी असलेल्या तुमच्या पुतण्याचा, पितांबरचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? काकूंचा खोकला थांबला का? मंगळवारी तुम्ही देवपूरच्या स्टॉपवर आमची वाट पाहत उन्हात उभे राहिलात, मुलीकडचे पोहे निवून गेले, तुम्ही माझा उद्धार केलात, सगळं मान्य. पण त्या दिवशी धुळ्याच्या धावपट्टीवर विमान घसरलं ना, त्यात आम्हीच होतो!

मुंबईचे एक व्यापारी स्वतःच्या छोट्या विमानाने केळी पाहायला आले होते. यावलकडच्या बागा मीच त्यांना दाखवल्या. ते इथेच थांबणार आणि विमान त्यांच्या भागीदाराला आणायला रिकामंच धुळ्याला जाणार, असं कळल्यावर मी म्हटलं, आम्हाला सोडा की! (मुलगी पाहायला विमानाने आलेला मुलगा आपल्या घराण्यात दुसरा आहे का?) भिकुआत्या आधी नको नको म्हणाली आणि मग नवं लुगडं नेसून माझ्याआधी खिडकीशी जाऊन बसली. तुमची अक्का, तुम्हाला काय सांगायचं!

वर गेल्यावर काय सांगू नाना! खाली गिरणा, पुढे पारोळ्याकडचा कापूस, रानभर पांढरे ठिपके. आत्या दिसेल त्या देवळाला हात जोडत होती. धुळ्याची पांझरा नदी दिसली तसं कॅप्टनने चाकांचं बटण दाबलं. (या विमानाची चाकं उडताना पोटात जातात, उतरताना बाहेर येतात.) खालून घरघर झाली आणि थांबली. पुन्हा दाबलं, काही नाही. इतका वेळ शीळ घालणाऱ्या कॅप्टनने मान मागे वळवली. "चाकं अडकलीत," तो म्हणाला, "सीटमागचा दांडा फिरवा, हाताने निघतील."

मी बाह्या सरसावल्या. विमान धुळ्यावर घिरट्या घालतंय, खाली माणसं सायकली टाकून धावपट्टीकडे पळताहेत आणि मी दांडा फिरवतोय! माझा दम गेला तशी आत्याने मला कोपराने ढकललं. "सरक बाजूले!" पदर खोचून तिने जोर लावला. थोडा फिरला आणि दांडा जाम. चाकं अर्धवट लोंबकळत राहिली. कॅप्टन म्हणाला, "आता पोटावर उतरावं लागेल. डोकी खाली घाला." त्यावर आत्या म्हणते, "पोऱ्या, पोटवर उतरस का पाठवर, पण धुयालेच उतर!"

नाना, तेव्हा मला ना मुलगी आठवली ना केळी. आत्याचा हात धरून बसलो. माझ्या मिरवण्यापायी हिला यात बसवली, हिला काही झालं तर तुम्हाला तोंड कसं दाखवू, एवढंच मनात. आणि टेकलो! चाकं मटकन दुमडली, पंखा घासून वाकडा झाला, पत्रा फाटल्यासारखा आवाज, धूळ, ठिणग्या. धावपट्टी सोडून विमान कुणाच्या तरी तुरीत जाऊन थांबलं. "पळा!" कॅप्टन ओरडला. मी आत्याला बाहेर ओढली तर ती मागे वळून म्हणते, "मनी पिशवी!" (तिची पिशवी आतच राहिली होती.) शेवटी कॅप्टनने तिला उचलूनच लांब नेली. आग लागली नाही. त्याच्या कपाळाला खोक पडली, बाकी कुणाला खरचटलंही नाही.

गर्दीतून एक मुलगी कळशी घेऊन पळत आली. तिने आपली ओढणी फाडून कॅप्टनच्या कपाळाला बांधली, आत्याला पाणी पाजलं आणि मला म्हणाली, "तुम्ही आधी बसा, पाय लटपटताहेत तुमचे." (मी बसलो.) मग पोलीस, पंचनामा, जबाब. संध्याकाळी व्यापाऱ्यांच्या जीपने आम्हाला परस्पर घरी आणून सोडलं. तुमच्याकडे निरोप धाडायचंही भान राहिलं नाही, त्याबद्दल हवं तेवढं बोला, मी ऐकून घेईन.

काकूंना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
पितांबर

ता. क. : त्या पोहेवाल्यांना एवढ्यात नवी तारीख देऊ नका. पाणी देणारीचं नाव इंदिरा, देवपूरच्या कॉलेजात शिकते, एवढंच मला कळलंय. तुम्ही सहज म्हणून चौकशी कराल का? माझं नाव मध्ये न आणता.

पुन्हा ता. क. : पत्र आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणते, चौकशी कशाला? मी जबाब देत होतो तेवढ्यात तिने मुलीचं कूळ, गाव, मामाचं गाव सगळं विचारून घेतलं आणि गर्दीतच उभ्या असलेल्या तिच्या वडिलांना येत्या रविवारी तुमच्याच घरी जेवायला बोलावलं. किती माणसं येणार ते मात्र विचारायचं राहिलं. काकूंना तुम्हीच सांगा.